आधी रजिस्ट्रेशन, मग पाटी: गावखेड्यातून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होताना

बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. ‘मॅडम, पोरगी सायकॉलॉजी घेतो म्हणते, स्कोप आहे का?’ विचारणारे कधी शाळेतले सर असतात, कधी मामा. कधी पोरगी स्वतः बोलते आणि मागून आईचा आवाज येतो, ‘नोकरी लागते का ते इचार.’ मी दारव्हा तालुक्यातल्या गावची. बी.ए. तालुक्याच्या कॉलेजात, एम.ए. विद्यापीठात आणि एम.फिल. राज्याबाहेर केलं. आता यवतमाळ जिल्ह्यातच सरकारी मानसिक आरोग्य कार्यक्रमात करारावर नोकरी करते. फोनवर जे नीट सांगून होत नाही ते इथं लिहिते.

पहिली भानगड नावांची. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे डॉक्टर असतात. एम.बी.बी.एस. करून पुढं त्यात एम.डी. किंवा तसंच शिक्षण घेतात आणि गोळ्या लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहीत नाही. तपासणं, चाचण्या घेणं, निदानाला मदत करणं आणि बोलून, सराव देऊन उपचार करणं हे आमचं काम. तिसरा शब्द समुपदेशक, काउन्सेलर. हे काम चांगलं आणि गरजेचं आहे, पण ती पाटी आज कोणीही लावतो. चार महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा करून ‘मानसोपचार’ असा फ्लेक्स लावलेले लोक तुमच्याही तालुक्यात असतील. तुम्हाला त्यांच्यात जायचं नसेल तर पुढचं वाचा.

आपल्या देशात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते. सगळे तिला आरसीआय म्हणतात. १९९२ च्या कायद्यानं तिला हा अधिकार दिला. नोंदणी नसताना हे काम केलं तर त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्यासुद्धा आरसीआयच्या मान्यतेशीच बांधलेली आहे. म्हणून अकरावीपासून पुढचा हिशोब करत बसू नका, शेवटापासून मागं या. नोंदणी मिळवून देणारा अभ्यासक्रम कोणता? तो कुठं आहे? त्याला प्रवेश मिळायला आधी काय लागतं? या क्रमानं प्रश्न विचारले की निम्म्या जाहिराती आपोआप गळतात.

बरीच वर्षं याचं उत्तर सरळ होतं. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. करायचं, किमान ५५ टक्के मिळवायचे, मग आरसीआय-मान्य संस्थेत दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. करायचं. नवीन शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, आमच्या विषयाला अपवाद म्हणून २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत दिली. त्यामुळे ताई-दादांच्या वेळची वाट तुम्ही आंधळेपणानं धरू नका. आरसीआयनं नवी मांडणी आणली आहे: चार वर्षांचं बी.एस्सी. ऑनर्स क्लिनिकल सायकॉलॉजी, त्याच्या वर एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, आणि साय.डी. ही डॉक्टरेट. कोणत्या संस्थेला कोणत्या सत्रासाठी मान्यता आहे ती यादी आरसीआयच्या वेबसाइटवर असते. प्रॉस्पेक्टसवर नाही, कॉलेजच्या फलकावर नाही, प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटच्या तोंडात तर अजिबात नाही. यादी स्वतः उघडून बघा. संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि वर्ष, तिन्ही जुळले पाहिजेत.

इथं पोट्टे हमखास फसतात. काही विद्यापीठांत ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ नावाची पदवी असते, पण तिला आरसीआयची मान्यता नसते. पदवी खरी असते, शिकवणारे चांगले असतात, फक्त शेवटी नोंदणीचा नंबर मिळत नाही. एका खासगी संस्थेनं ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं सांगून आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याकडून लाखांत फी घेतली, आणि पोरगा आजही नोंदणीशिवाय फिरतो आहे. ‘प्रक्रियेत आहे’ म्हणजे नाही, असंच धरून चाला.

आणखी एक वाट बंद झाली आहे. घरी राहून, वावरातली कामं सांभाळून, मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. करणारे आपल्याकडं पुष्कळ होते, त्यात लग्न झालेल्या मुली जास्त. यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायला मनाई केली आहे. मला हे पटतंही आणि खटकतंही. रुग्णासमोर बसल्याशिवाय हा धंदा शिकता येत नाही हे खरं आहे. पण ज्या बाईला सासरहून रोज विद्यापीठाच्या गावी जाणं शक्य नाही, तिला यूजीसीनं दुसरं दारही उघडून दिलेलं नाही.

बारावीला कोणती शाखा असावी यावर फार डोकं शिणवू नका. कला शाखेतली मुलं मागं पडत नाहीत, मीही कलेचीच. फक्त बी.एस्सी. ऑनर्सची वाट धरणार असाल तर त्या संस्थेची अट आधी वाचा. बी.ए.ला मानसशास्त्र सगळ्या कॉलेजांत नसतं, तेव्हा घराजवळचं कॉलेज म्हणून फॉर्म भरण्याआधी विषय आहे का ते विचारा. पैशासाठी शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आणि आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे. जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला मे महिन्यातच काढून ठेवा. जुलैत तहसीलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

प्रवेश परीक्षेबद्दल थोडं जास्त सांगते. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीची सीआयपी आणि रिनपास, तेजपूरची संस्था, दिल्लीची इहबास ही आमच्या विषयातली मोठी ठिकाणं, आणि पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. जागा फार थोड्या असतात आणि देशभरातून अर्ज येतात. पेपरात मनोविकारशास्त्र, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र आणि चाचण्या यांवर भर असतो. संख्याशास्त्राला घाबरून आपली मुलं तो भाग सोडून देतात, आणि गुण नेमके तिथं जातात. दुसरी भीती इंग्रजीची. पुस्तकं इंग्रजीतच आहेत, त्याला इलाज नाही. मी एक सवय लावून घेतली होती: इंग्रजी पुस्तकातलं एक पान वाचायचं आणि तेच आईला समजेल अशा भाषेत वहीत उतरवायचं. नैराश्याची लक्षणं आईच्या भाषेत लिहिता आली नाहीत तर ती आपल्याला समजलेलीच नाहीत. या वहीचा मुलाखतीत उपयोग झालाच, पुढं ओपीडीत त्याहून जास्त झाला. मुलाखतीत तोडकं इंग्रजी चालतं. रुग्णाबद्दल विचारल्यावर पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवलेली मात्र चालत नाही.

फॉर्म भरण्याआधी मात्र एक काम करा. तुमच्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, त्याची टीम ठरलेल्या वारी तालुक्याला येते. त्या दिवशी जाऊन बाहेरच्या बाकावर बसा. आत डोकावू नका, फक्त बसा. सिनेमात दिसतो तसा मऊ सोफा आणि तासभर चालणाऱ्या गप्पा तिथं नसतात. फिट येणारं लेकरू असतं, त्याचा अपंगत्वाचा दाखला हवा असतो. दारू सोडल्यावर हात थरथरणारा माणूस असतो. बाळंतपणानंतर बोलेनाशी झालेली सून असते आणि तिच्यासोबत सासू, नवरा, दीर, शेजारीण असं अख्खं वऱ्हाड. हे बघून पोटात गोळा आला तरी हरकत नाही. कंटाळा आला तर मात्र विचार बदला.

घरच्यांचं काय, हेही लोक विचारतात. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आजही ऑटोवाले पागलखाना चौक म्हणतात, तेव्हा घरच्यांकडून लगेच वेगळी अपेक्षा करू नका. माझ्या आत्यानं लग्नाच्या बैठकीत ‘पोरगी दवाखान्यात आहे’ एवढंच सांगितलं होतं. कोणता दवाखाना, ते पाहुण्यांनी विचारलं नाही. मला राग आला होता. नंतर याच आत्यानं तिच्या जावेच्या पोराला माझ्याकडं आणलं.

आता प्रशिक्षणातल्या एका गोष्टीकडं लक्ष वेधते, कारण ती आपल्या भागाची आहे. बुद्धिमापनाच्या चाचण्या शिकताना तुम्हाला मालिनची चाचणी भेटेल, भारतीय मुलांसाठी केलेली. त्या डॉ. मालिन यांचं काम नागपुरातलं. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मापनश्रेणीचं देशभर वापरलं जाणारं रूपांतरही त्यांचंच, त्याला नागपूर रूपांतर असंच म्हणतात. रांचीच्या वर्गात ‘नागपूर’ ऐकून मी उगाच ताठ बसले होते. पण चाचणी नागपूरची असली म्हणजे ती झरी-जामणीच्या कोलाम आदिवासी पोरालाही लागू पडते असं नाही. दिग्रस-पुसदकडच्या तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. त्याला मराठीतून तोंडी प्रश्न विचारले तर आपण त्याची बुद्धी मोजत नाही, त्याची मराठी मोजतो. अशा वेळी करून दाखवायच्या चाचण्या वापरायच्या: सेगुइनचा फॉर्म बोर्ड, रेव्हनच्या रंगीत आकृत्या, किंवा भाटिया बॅटरी हा १९५५ सालचा चाचणीसंच, जो निरक्षरांचाही विचार करून बनवलेला आहे. आणि अहवालात स्पष्ट लिहायचं की घरची भाषा वेगळी आहे. त्या एका आकड्यावर लेकराचा दाखला ठरतो, दाखल्यावर पेन्शन आणि शाळेतल्या सवलती ठरतात. अपंगत्वाची चाळीस टक्क्यांची रेघ इकडं पडली की तिकडं, याचा अर्थ त्या घराला फार चांगला कळतो. कधी बाप आधीच सांगतो, ‘मॅडम, थोडं जास्त लिहा.’ लिहायचं नाही. पण त्याच्यावर डाफरायचंही नाही. शांतपणे सांगायचं, चहा आला असेल तर त्यालाही द्यायचा.

भाषा हीच आपली कमाई आहे. शहरातून आलेला हुशार माणूस आमच्या ओपीडीत विचारतो, ‘तुम्हाला उदास वाटतं का?’ आणि समोरचा म्हणतो, ‘नाही.’ त्यात खोटं काही नसतं. तो उदास नाहीच. त्याचं ‘डोस्कं जड राह्यते’, ‘जीव घाबरते’, ‘अंगात कणकण राह्यते’, ‘वावरात मन लागत नाही’. नैराश्य आपल्याकडं अंगात आणि वावरात सापडतं. म्हणून सुरुवात झोपेपासून करा. रात्री किती वाजता डोळा उघडतो? मग उठून काय करता? वावरात गेल्यावर हात चालतो की धुऱ्यावर बसून राहता? बैलाशी, गड्याशी चिडचिड होते का? खर्रा दिवसाला किती? वाढला का? या प्रश्नांना माणूस उत्तरं देतो. बाई असेल तर स्वयंपाकाचं विचारा, मीठ दोनदा पडतं का, गॅसवर ठेवलेलं विसरतं का.

आणि मरणाचं विचारायचंच. आपल्या जिल्ह्यात हे टाळून चालत नाही. ‘विचारलं तर डोक्यात येईल’ ही समजूत चुकीची आहे, विचारल्यानं कोणी प्रवृत्त होत नाही. पण कसं विचारायचं ते शिका. मी पायरीपायरीनं जाते: ‘कधी वाटते का, सकाळी उठूच नये?’ हो म्हटलं तर, ‘मरायचा इचार येते का?’ हो म्हटलं तर, ‘कसं करायचं ते ठरवलं होतं का?’ आणि मग घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलं आहे ते. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ते औषध त्याच दिवशी घरातून हलवायला लावा: भावाकडं, कृषी केंद्रवाल्याकडं परत, कुलपात, कुठंही, पण त्याच्या हाताशी नको. झटक्यात आलेला विचार बरेचदा ओसरतो, डबा हाताशी असला तर ओसरायला वेळ मिळत नाही. नातेवाइकाला सोबत घेऊन हे बोला, डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, राज्याच्या आरोग्य हेल्पलाइनचा १०४ आणि तुमच्या टीमचा फोन चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या. चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरात ठेवायला सांगा, खिशातली धुण्यात जाते.

‘बाहेरचं आहे’ म्हणणाऱ्यांशी भांडू नका. मेळघाटात लोक आधी भूमका म्हणतात त्या मांत्रिकाकडं जातात, आमच्याकडं देवीच्या पुजाऱ्याकडं किंवा एखाद्या बाबाकडं. ते ओपीडीत येतात तोवर दोन-तीन ठिकाणं झालेली असतात, पैसे संपलेले असतात आणि आता तुम्हीही त्यांना मूर्ख ठरवलं तर ते पुढच्या वेळी येणार नाहीत. ‘पूजा करायची तर करा, गोळी बंद करू नका’ एवढं पुरतं. मात्र साखळीनं बांधणं, मारणं, धुरी देणं दिसलं तर तिथं गोड बोलायचं नाही. साखळीनं बांधायला २०१७ च्या कायद्यात स्पष्ट मनाई आहे आणि राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. आधी डॉक्टर, मग गरज पडली तर पोलीस पाटील.

गुप्तता पुस्तकात एका परिच्छेदात संपते, गावात ती चोवीस तासांची असते. आठवडी बाजारात पेशंट दिसला तर आपण आधी नमस्कार करायचा नाही. त्यानं केला तर करायचा, आणि ‘गोळ्या चालू आहेत का?’ हे भाजीच्या दुकानासमोर विचारायचं नाही. फॉलोअपचा फोन करताना आधी विचारायचं, ‘आता बोलता येते का?’ फोन अनेकदा घरातल्या दुसऱ्याकडं असतो, आणि स्पीकरवरही. माझ्या स्वतःच्या गावातल्या लोकांना मी शक्यतो दुसऱ्याकडं पाठवते. चुलत्याच्या घरातलं भांडण ऐकून घेतल्यावर पोळ्याला त्याच्याच घरी जेवायला बसणं कोणालाच झेपत नाही.

ओपीडीचा हंगामही शिकून घ्या. पेरणीत आणि कापूस वेचणीत माणसं येत नाहीत. गोळ्या सुटतात त्या याच दिवसांत. म्हणून मे महिन्यात आशाताईंना यादी द्या, पेरणीआधी कोणाकोणाच्या घरी डोकावायचं त्याची. आशाताईंना हलक्यात घेणारे सायकॉलॉजिस्ट मी पाहिले आहेत, त्यांची ओपीडी रिकामी असते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला होता, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या जोरावर. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आला. आपल्याच भागातला आहे, मुलाखतीला जाण्याआधी जरूर वाचा.

नोकरी कुठं? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, मनोरुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात. डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या जिल्हा केंद्रातही मानसशास्त्रज्ञाचं पद असतं. शिवाय व्यसनमुक्ती केंद्रं आणि सामाजिक संस्था. दारूचं काम करायचं असेल तर दारूबंदी असलेला जिल्हा सोपा जाईल असं समजू नका. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, पेशंट तिथंही आहेत. सरकारी कार्यक्रमातल्या आमच्या नेमणुका बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर असतात, दरवर्षी एक दिवसाचा खंड आणि पुन्हा आदेश. यावर मला काही गोड सांगता येणार नाही. घर बांधायचं कर्ज काढताना बँकेतला माणूस तो आदेश उलटसुलट करून पाहतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं जिल्ह्यात काढा, हात तयार करा, आणि सोबतीनं दर पंधरवड्याला एखाद्या ज्येष्ठ माणसाशी केसवर बोलण्याची सोय ठेवा, फोनवर का होईना. एकटं काम करणारा माणूस या धंद्यात लवकर तुटतो किंवा लवकर निबर होतो.

स्वतःचं क्लिनिक टाकायचं असेल तर तालुक्याच्या गावी, एखाद्या फिजिशियनच्या किंवा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आठवड्याचा एक दिवस मागून घ्या. स्वतंत्र गाळा घेऊ नका, भाडंही जातं आणि त्या पायऱ्या चढताना लोक बघतात. बालरोगतज्ज्ञांकडं कोणीही लेकरू घेऊन जाऊ शकतं. पाटीवर नाव, पदवी आणि आरसीआय नंबर लिहा. पीएच.डी. किंवा साय.डी. नसेल तर नावाआधी ‘डॉ.’ लावू नका, लोक स्वतःच ‘डॉक्टर’ म्हणतील, तेव्हाही दुरुस्त करा. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे पुढंही शिकत राहिल्याचे, गुण लागतात, तेव्हा कार्यशाळांची प्रमाणपत्रं पहिल्या वर्षापासून एका फाइलला लावा. फी पाटीवर लिहून ठेवा आणि पहिल्या भेटीलाच सांगा. ‘कापूस निघाल्यावर देतो’ असं काही जण म्हणतील. वहीत लिहून घ्या, तारीख टाका, पुढच्या भेटीला त्यावरून बोलू नका. दिवाळीनंतर बरेच जण आणून देतात, काही देत नाहीत, आणि जे देत नाहीत त्यांनाही त्यांच्या पुढच्या तारखेला बसवायचं असतं.